खोळंबलेलं ताट

तुळसीबाईंचं घर चेन्नईच्या पश्चिम तांबरमला, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेर सगळी तमिळ वस्ती, म्हणून गल्लीत त्या ‘तुळसी अम्मा’. उंबऱ्याच्या आत आईशी बोलताना मात्र आमची जुनी तंजावरी मराठी, जी ऐकून पुण्याकडचे पाहुणे आधी हसतात. तुळसीबाईंना त्याचा भारी राग. एका पाहुण्याला त्यांनी तोंडावर सुनावलं होतं, की तुमच्या पणजीची पणजी असंच बोलत होती, तुम्ही विसरलात त्याला आम्ही काय करणार. त्या दिवशी त्या पाहुण्यानं सांबार मागून घ्यायचीही हिंमत केली नाही.

बाईंनी जन्मभर नोकरी केली ती मुलींच्या वसतिगृहात, वॉर्डन म्हणून. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. दिवे लागले की फाटकाशी खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा, आणि शेवटची पोर आत आली की कुलूप लावून घरी. पोरी मागून काय काय म्हणतात ते त्यांना सगळं ठाऊक होतं. पण ज्या मुली तेव्हा त्यांना बघून रस्ता बदलत, त्याच आज घरात बारसं निघालं की पहिला फोन त्यांना करतात. कडक का असेना, कुणीतरी आपल्यासाठी खुर्ची टाकून बसत होतं, हे पोरींना उशिरा का होईना कळतंच.

निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं, आता बाई देवळात जातील, सीरियल बघतील. कसलं काय. बाईंना डोंगरांचं खूळ लागलं. आधी परंगीमलैच्या पायऱ्या, मग येलगिरी, मग पर्वतमलै, जिथं लोखंडी कड्या धरून वर चढावं लागतं. आणि सगळं एकटीनं. सोबत कुणी का घेत नाही, असं विचारलं तर म्हणायच्या, इतकी वर्षं दीडशे पोरींची हजेरी घेतली, आता डोंगरात तरी मला कुणाला मोजायचं नाही. मग साठी उलटल्यावर एक दिवस त्यांनी आईसमोर बसून सांगून टाकलं, की मी हिमालयात जाते आहे, एकटी.

इथं आईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

राजसबाई आता ऐंशीच्या पुढच्या. मधुमेह जुना, गुडघे गेलेले, पण हट्ट अजून तरणाताठा. त्यांचा एक नेम आहे. घरातलं माणूस बाहेर असेल तर ते परत येईपर्यंत, निदान सुखरूप असल्याचं कळेपर्यंत, त्या ताटावर बसत नाहीत. आमच्या जुन्या बायकांत नवऱ्याआधी न जेवण्याची रीत होतीच, तशी राजसबाईंच्या घरीही होती. नवरा हंबीरराव गिंडीला एका लहान कारखान्यात लेथवर काम करायचे, आणि संध्याकाळी ते आले की दोघं मिळून जेवायची. एकदा राजसबाईंना ताप होता. सासूनं बळंच बसवलं, म्हणाली, औषध घ्यायचंय, तू जेवून घे. त्या जेवल्या. आणि नेमके त्याच संध्याकाळी हंबीरराव मशीनपाशी कोसळले. घरी आले ते दुसऱ्यांच्या हातांवर.

हृदय बंद पडलं त्यात कुणाच्या जेवणाचा काय संबंध? डॉक्टरांनी सांगितलं, भाऊबंदांनी सांगितलं, मोठी झाल्यावर तुळसीबाईंनी ओरडून सांगितलं. पण राजसबाईंच्या मनानं जे धरलं ते धरलं. एकदाच मी आधी जेवले, एवढंच त्या म्हणायच्या. तेव्हापासून मुलगा शाळेत असो की मुलगी नोकरीवर, ताट खोळंबलेलं. तुळसीबाईंनी जन्मात कधी उशीर केला नाही तो यामुळं. शिस्त म्हणून लोक त्यांचं कौतुक करायचे. खरं म्हणजे ती शिस्त नव्हतीच, घरी आई उपाशी असायची.

तेव्हा हिमालय म्हटल्यावर घरात काय झालं असेल बघा. राजसबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, जा, पण रोज माझ्या दुपारच्या जेवणाआधी फोन आला पाहिजे. तुळसीबाईंनी कबूल केलं. भावाची मुलगी अनन्या त्यांच्याकडेच राहते, श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तिनं ते दिवस रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी कंपनीची बस सोडून गेली की ती दिवसभर आज्जीपाशी. पोरीला मराठी बोलताना तमिळचा आधार लागतो, पण आज्जीचा जीव तिच्यावर आणि तिचा आज्जीवर.

तुळसीबाई गेल्या त्या उत्तराखंडातल्या एका गावात, जिथं गाडीचा रस्ता संपतो. तिथं हंसादेवी नावाच्या बाईंच्या घरी एक खोली मिळाली. गावात फोनला रेंज नाही. खालच्या बाजारात मिळायची, पण तिथं जायला जीप लागे आणि अर्धा दिवस मोडे. वरच्या धारेवर मात्र देवीचं एक उघडं ठाणं होतं, तिथं पलीकडच्या खोऱ्यातल्या टॉवरची रेंज यायची. तुळसीबाईंना तेच हवं होतं. रोज सकाळी निघायचं, जंगल चढून गवताच्या माळावर यायचं, पुढं दगडांच्या राशी रचून वाट दाखवलेली, ती धरून ठाण्यापर्यंत पोचायचं आणि आईला फोन लावायचा. आई विचारायची, थंडी आहे का, कानटोपी घातलीस का, आणि मग पलीकडून भांड्यांचा आवाज यायचा. जेवायला बसली, एवढं ऐकून तुळसीबाई फोन ठेवायच्या आणि दगडावर बसून आपला डबा उघडायच्या.

किती सुखाचे दिवस होते ते. समोर पांढरीशुभ्र शिखरं, आसपास चिटपाखरू नाही, कुणी ‘मॅडम’ म्हणून हाक मारत नाही. एवढ्या वयात पहिल्यांदा त्या कुणाचीच वाट बघत नव्हत्या.

आणि मग तो दिवस आला. सकाळपासून आभाळ भरलेलं. हंसादेवींनी चहा देताना बजावलं, की आज वर जाऊ नका, हवा बिघडली आहे. पण तांबरमच्या माणसाला ढगांची भीती काय घालता? आमच्याकडे ढग आले म्हणजे देव पावला, ऊन नाही, चालायला बरं. बर्फ तर दिवाळीनंतर पडतो असं गावातल्याच लोकांनी सांगितलेलं, आणि दिवाळी लांब होती. शिवाय फोन करायचा होताच. बाई निघाल्या. अंगात आतून सुती कपडे, कारण मद्रासचं माणूस सुताशिवाय अंगाला काही लावून घेत नाही. चढावर घाम आला, तो त्या सुतात मुरला, आणि माळावर वारं लागल्याबरोबर कुणी ओला पंचा पाठीवर टाकावा तसं झालं. तरी त्या चालत राहिल्या.

माळ ओलांडता ओलांडता पहिला बर्फ पडायला लागला. तुळसीबाईंना आधी कळेचना हे काय आहे. कुणी वरून रांगोळीचं पीठ चाळतंय असं वाटलं. मग बाहीवर पडलेलं विरघळताना बघितलं आणि त्या लहान पोरीसारख्या हसल्या. एकट्याच, मोठ्यानं. तोंड वर करून जीभसुद्धा काढली. वसतिगृहातल्या पोरींनी बघितलं असतं तर म्हणाल्या असत्या, मॅडमना वेड लागलं. आईला सांगायचं, अनन्याला सांगायचं, याच आनंदात त्या भराभर वर निघाल्या.

हसू फार वेळ टिकलं नाही. पांढरं पडत होतं त्यात धुकंही उतरलं. आधी शिखरं गेली, मग धार गेली, मग पुढचा चढ गेला. हात लांब केला तर बोटं दिसत, त्यापुढं थोडी जमीन, आणि मग काही नाही. वर-खाली सगळं एकाच रंगाचं. दगडांच्या राशीही झाकायला लागल्या. शहाणं माणूस इथंच मागं फिरलं असतं, आणि तुळसीबाई काही मूर्ख नव्हत्या. पण घरी आई घड्याळाकडे बघत असणार. सकाळची गोळी घेतलेली, पोटात अन्न नाही, तर आईला घाम सुटतो, हात थरथरतात, मागं एकदा अशीच न्हाणीघरात पडली होती. ठाणं आता जवळच आहे, फक्त एवढा फोन करते आणि फिरते, असं स्वतःला बजावत बाई वर चढत राहिल्या.

पुढची रास सापडली नाही. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वाट इकडेच असणार असं धरून चार पावलं टाकली आणि पाय सटकला. त्या गुडघ्यावर आपटल्या, हात गवतात रुतला म्हणून थांबल्या. पायाखालून एक दगड सुटला. तो खाली गेला, आपटला, पुन्हा आपटला, आणि बराच वेळ जातच राहिला. त्या होत्या तिथंच खाली बसल्या.

बसल्यावर त्यांना भव्या आठवली. वसतिगृहातली पहिल्या वर्षाची पोर, गुणी आणि भित्री. एकदा तिला उशीर झाला आणि फाटक बंद होईल म्हणून तिनं तांबरमला गाडी थांबायच्या आधीच उडी टाकली. मनगट मोडलं, थोडक्यात वाचली. दवाखान्यात तुळसीबाई तिच्यावर खवळल्या होत्या, की अगं, जिवापेक्षा फाटक मोठं का? पोर रडत म्हणाली, मॅडम, तुम्ही वाट बघत बसला असाल म्हणून. त्या दिवसापासून बाई दर वर्षी नव्या मुलींना एकच गोष्ट दोनदा सांगायच्या. उशीर झाला तर धावू नका, हळू या, फाटक मी उघडीन.

सगळ्यांच्या पोरींना सांगितलं. स्वतःला कधी सांगितलं नव्हतं.

त्या तिथं बर्फात बसून रडल्या. भीतीनं थोड्या, आणि जास्त आईसाठी. आता खाली उतरायचं म्हणजे आई आज जेवणार नाही. दुपार जाईल, संध्याकाळ होईल, अनन्या हातापाया पडेल, तरी ती जेवणार नाही. आणि तिला काही झालं तर? ज्या बाईनं एका जेवणाचा दोष जन्मभर स्वतःला लावून घेतला, तिचीच मुलगी आपण. आपणही उरलेला जन्म हेच म्हणत बसणार, की एकदाच फोन केला नाही. पण वर गेलो आणि परत आलोच नाही, तर आईनं कुणाचा फोन आल्यावर जेवायचं?

“आई,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, “आज तुझं तू बघ गं. मी खाली चालले.”

असं वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. पण त्या उठल्या. आपलीच वर आलेली पावलं बर्फात अजून दिसत होती, बुजत चालली होती तरी दिसत होती. त्या पावलांत पाय ठेवत, काठी आधी टेकत, त्या उतरायला लागल्या. घाई करायची नाही असं स्वतःला सांगत होत्या. एका दगडाच्या आडोशाला क्षणभर थांबून डबा काढला, झाकण उघडलं, आणि पुन्हा लावून टाकलं. आई उपाशी असताना घास उतरणं शक्य नव्हतं. बघा आता, आईच्या नेमावर जन्मभर चिडलेली ही बाई.

माळावर पोचल्यावर पावलंही संपली. सपाट पांढरं आणि धुकं, जंगलाची वाट कुठल्या बाजूला ते कळेना. त्या उभ्या राहिल्या, आणि तेव्हा लांबून टणटण असा आवाज आला. कुणीतरी डबा बडवत होतं. थोडं थांबून हाक यायची, “ओ मद्रास दीदी!” मग पुन्हा टणटण. हंसादेवी जंगलाच्या तोंडाशी येऊन रिकामा तेलाचा डबा काठीनं बडवत उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. तुळसीबाई आवाजाच्या दिशेनं चालत गेल्या आणि त्या बाईंच्या गळ्यातच पडल्या. जन्मभर फाटकाशी दुसऱ्यांची वाट बघितली होती. आपल्यासाठी कुणी परकं माणूस असं उभं राहील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

घरी नेऊन हंसादेवींनी त्यांचे ओले सुती कपडे काढायला लावले, स्वतःचा लोकरीचा अंगरखा घातला, चुलीपुढं बसवलं आणि ताट वाढलं. तुळसीबाई म्हणाल्या, आधी फोन. हंसादेवी चिडल्या, आधी जेवा. तुळसीबाई ऐकेनात. ही बाई हट्टी आहे हे कळल्यावर हंसादेवींनी नवऱ्याला हाक मारली. तो बिचारा नुकताच जीप लावून घरात आला होता. तसाच पुन्हा बाहेर पडला, आणि त्या उतारावर, पुढचं दिसत नसताना, गाडी बैलगाडीच्या चालीनं खालच्या बाजारात घेऊन गेला. अंधार पडायला आला होता. बाजारात एक चहाचं दुकान उघडं होतं. तिथं बाकावर बसून तुळसीबाईंनी फोन लावला.

फोन अनन्यानं उचलला. आत्त्याचा आवाज ऐकला आणि पोर आधी रडायलाच लागली, तमिळमध्ये देवाचे आभार, मग मराठीत ओरडा, मग पुन्हा रडणं. तुळसीबाईंनी तिला थांबवलं आणि एकच विचारलं, आज्जी कशी आहे, पडली-बिडली नाही ना?

“आज्जी बरी आहे, आत्त्या. जेवली ती.”

तुळसीबाईंना वाटलं, पोर आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलते आहे. तशा त्या म्हणाल्याही. मग अनन्यानं सगळं सांगितलं. दुपार टळत आली, फोन नाही. तिनं मोबाईलवर तिकडची हवा बघितली आणि आज्जीला सांगितलं की तिथं अचानक बर्फ पडतोय. आज्जीनं विचारलं, बर्फ म्हणजे कसा? म्हणून अनन्यानं तिला तसल्याच एका डोंगराचा व्हिडिओ दाखवला, माणसं त्या पांढऱ्यात चाचपडत चाललेली. आज्जी तो कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, यातून ती माझ्या जेवणासाठी धावत येईल. मला वाढ. मी जेवले असं तिच्या मनाला कळू दे.

“रडत रडत जेवली, आत्त्या. मी म्हटलं, नको आज्जी, राहू दे, भीती वाटते तर नको. पण तिनं सगळा भात संपवला. मग देवापुढं जाऊन बसली, ती अजून तिथंच आहे.”

हंबीरराव गेले त्या संध्याकाळपासून आईनं जे केलं नव्हतं, ज्याची तिला मरणाहून जास्त भीती वाटत आली, ते तिनं आज एकटीनं केलं होतं. आणि हे सगळं भलत्याच आशेवर, कारण मनाला वगैरे काही कळत नसतं, तुळसीबाईंना काही कळलं नव्हतं. तरी त्या खाली उतरल्या होत्या. आई जेवली होती आणि त्या खाली उतरल्या होत्या.

मग फोनवर आई आली. आधी नुसता श्वास ऐकू आला.

“तुळसा?”

“आई, मी बाजारात आहे. काही झालं नाही मला.”

“हं,” आई म्हणाली. मग नेहमीच्या सुरात विचारलं, “जेवलीस?”

तुळसीबाईंनी होय म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना ते म्हणता येईना. या बाईशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. का नाही, असं आईनं विचारलं.

“तू जेवली नसशील म्हणून.”

आई रडते आहे की काय, असं तुळसीबाईंना वाटलं. पण आवाज आला तो कोरडा, करडा, लहानपणी ताटातलं टाकलं की यायचा तसा. आई म्हणाली, की तिथं कोण आहे त्याला सांग, वाढ म्हणावं, आणि फोन खाली ठेवायचा नाही, कानाशीच धरायचा. मी इथं बसले आहे.

दुकानदारानं भात आणि राजमा वाढला. तुळसीबाईंनी एका हातानं फोन धरला, दुसऱ्या हातानं कालवलं. आईनं विचारलं, काय आहे? भात आणि घेवड्यासारखं काहीतरी, असं त्यांनी सांगितलं. गरम आहे? गरम आहे. दही? इथं दही नाही गं. दह्याशिवाय कसलं जेवण, असं आई पुटपुटली. मग तुळसीबाई जेवत राहिल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते ताटात पडू नये म्हणून त्या मधेमधे खांद्याला तोंड पुशीत होत्या, आणि पलीकडून आईचा श्वास येत होता, एकसारखा, जणू ती प्रत्येक घास मोजून घेत होती. हंसादेवींचा नवरा त्यांच्याकडे पाठ करून दाराशी उभा राहिला.

ताट संपलं तसं त्यांनी सांगितलं, आई, झालं.

“आणखी थोडा घे,” राजसबाई म्हणाल्या.